आतल्या खुर्चीवरचे मामा

सभागृहाला कंपनीचं नाव आणि आम्हा चौदा जणांच्या वाद्यवृंदालाही कंपनीचंच. वाद्यं तेवढी आमची.

आमच्याकडे दोन व्हायोलिनवाल्यांत एकच स्टँड असतो. पान संपलं की आतल्या खुर्चीवरचा थांबून ते उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. माझी पानं अकरा वर्षं मामांनी उलटली. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. शेवटी मीच त्यांना मामा बनवलं. "या स्टँडवर एकट्याला जमेल ना?" असं कंपनीच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी मुकाट मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी मामांची नोकरी गेली, त्यांची खुर्चीही उचलली.

आज सकाळी त्यांच्याविना पहिली तालीम होती. पान संपताना मी तारांवरून गज उचलायला गेलो, तर पान आधीच उलटलं होतं. कोपऱ्यावर थुंकी लावलेल्या बोटाचा ओला ठसा होता. कितीदा बोललो, तरी मामांची ती घाणेरडी सवय सुटली नव्हती.

दुसरं पान उलटलं, तिसरंही उलटलं. माझा एकही सूर निसटला नाही.

"बघा, जमतंय की एकट्याला!" पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या.

चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीनं, मामांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आता तू उलट.' हे काल नव्हतं.

माझा गज आपोआप खाली आला. बोट जिभेला लागलं.

आणि शेजारच्या मोकळ्या जागेत व्हायोलिन पुढे वाजत राहिलं.