महिनाअखेरची होडी

"महिनाअखेर देते," व्यवस्थापक बाई बोलून गेल्या आणि मागे चाललेला रंधा एकदम थांबला.

होड्या बांधणाऱ्या त्या कारखान्यात तारीख देण्याचा एक दंडक होता. लागेल त्यापेक्षा नेहमी जास्तच वेळ मागायचा. काम लवकर झालं तर गिऱ्हाईक खूश, उशीर झाला तरी आपण तोंडघशी पडत नाही. हा दंडक बाईंनीच घातला होता आणि आज त्यांनीच मोडला.

समोर बाकावर बाप-लेक बसले होते. वडिलांच्या हातात काठी. भुशानं खोकून खोकून बेजार झालेले, तरी लेकीची पर्स त्यांच्याच खांद्याला. डोक्याला रुमाल बांधलेली लेक हळूच म्हणाली होती, "लहानपणी बाबा मला होडीतून न्यायचे. पुन्हा एकदा दोघांनी जायचंय. पण डॉक्टर म्हणाले, फार वेळ नाही."

म्हाताऱ्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. त्यावरच बाईंचा धीर सुटला होता.

दोघं गेल्याबरोबर तात्या मिस्त्री तरातरा आले. "लाकूड काय तुमच्या शब्दावर वाळतं, मॅडम?"

"तात्या, म्हाताऱ्याकडे पाहिलंत ना?"

"पाहिलं. म्हणूनच म्हणतो. घाईत एखादा सांधा गळला, तर भर पाण्यात दोघं काय करतील?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या मनासारखा सांधा बसल्याशिवाय होडी दाराबाहेर जाणार नाही. बाकीची कामं मागे टाका. मालकांना मी तोंड देते."

मालकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तारीख चुकली तर?"

"तर माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवा," बाई म्हणाल्या आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

काम झपाट्यानं चाललं. आणि निम्म्यावर आलेलं असताना तळाची फळी चिरली. तात्यांनी पटाशी आपटली. बाईंनी मन घट्ट करून लेकीला फोन लावला. "थोडं मागंपुढं होईल असं दिसतंय."

पलीकडून आवाज आला, अगदी खोल गेलेला. "नका हो असं करू. त्या होडीवरच सगळं टिकून आहे."

फोन ठेवून बाई वळल्या, तर तात्या पाठीशीच उभे. त्यांनी मालकांच्या स्वतःच्या होडीसाठी राखून ठेवलेली फळी खांद्यावर घेतली आणि करवतीकडे चालू लागले.

महिनाअखेरीला होडी गळती तपासायला कारखान्यातल्या हौदात उतरवली. तात्यांनी आत उतरून कोपरा न् कोपरा बोटांनी चाचपला. बोटं कोरडी. "न्या म्हणावं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच निरोप धाडला.

म्हातारा एकटाच आला. होडीभोवती फिरला. काठावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला.

"सुरेख झालीय," तो म्हणाला. "पण माझ्या मुलीला सांगा, अजून बरंच काम राहिलंय."

बाईंना कळेना. "अहो काका, तुमच्या तब्येतीसाठी तर आम्ही रक्ताचं पाणी केलं!"

"माझ्या?" म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "मला काय धाड भरलीय?"

हौदातलं पाणी हलत होतं. तात्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आजारी ती आहे, बाई," तो म्हणाला. "होडी होईपर्यंत मी कुठं जात नाही बाबा, असं तिनं मला कबूल केलंय."