भाट्याचं पाणी

दुकानदारानं मीठ कालवायला सांगितलं होतं. भास्करनं मात्र तारामाशाच्या टाकीसाठी नारळी पौर्णिमेला भाट्याहून भरतीचं पाणी आणलं. घाईत समुद्राला नारळ द्यायचा तेवढा राहिला.

अमावास्येच्या दुपारी नवरा-बायको सावर्ड्याहून परतली, तर टाकी रिकामी. हेमा रडकुंडीला आली. पाची हात धड बघून तिनंच तो निवडला होता.

"अगो, हा बघ!"

तारामासा भिंतीवर, पार छताखाली चिकटला होता. स्टुलावर चढून तिनं त्याला अलगद सोडवलं. पोटाखालचे बारीक पाय वळवळले. जिवंत होता! हेमा रडता रडता हसली.

मग तिचा हात भिंतीला लागला. फरशी कोरडी होती, पण चारही भिंती तारामासा चिकटला होता तिथपर्यंत ओल्या होत्या, एका सरळ रेषेत.

"बरं झालं," भास्कर पुटपुटला, "आपण घरात नव्हतो."