तीन स्टार

"तीन?" गार्गी एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मरोळच्या त्या ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

गोळ्यांच्या वेळेची आठवण करून देणारं तिचं अ‍ॅप बाजारात येऊन दोन महिने झाले होते. ते ठेवायचं की गुंडाळायचं, हे आज दुपारी ठरणार होतं. वर्षभर राबून केलेलं काम, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता. स्टार मागताना तिने मावश्या, मैत्रिणी, जिममधल्या बायका, कुणालाच सोडलं नव्हतं. चाळीस जणांनी मुकाट पाच-पाच स्टार दिले होते. तीन देणारा नेमका घरचा निघाला. जयवंत सावंत, मुलुंड पूर्व. म्हणजे बाबा!

जयवंतरावांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि पैकीच्या पैकी मार्क कुणाच्या बापाला दिले नाहीत. इथे तर ते स्वतःच बाप होते. स्टारखाली त्यांनी चुकाही लिहिल्या होत्या, अकरा, क्रमांक घालून. अक्षर बारीक आहे. गोळी घेतली असे सांगूनही घंटा थांबत नाही. दुपारची गोळी चुकली तर रात्रीची वेळ आपोआप बदलते, हे धोक्याचे आहे.

गार्गीने तिथल्या तिथे फोन लावला. "बाबा, वाट लावलीत माझी! दोन स्टार जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं?"

"चुका सुधार. मग देतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी तिचे साहेब, राजेश, लॅपटॉप उघडून बसले. त्यांनी स्टार पाहिलेच नाहीत. कोणी अ‍ॅप किती वेळा उघडलं, ती यादी ते खालपर्यंत वाचत गेले. गार्गी नखं खात होती.

"तुझ्या पाचवाल्या चाळीस जणांनी पहिल्या दिवसानंतर अ‍ॅपला हात लावलेला नाही," राजेश म्हणाले. "आणि हा तीनवाला बघ. अठ्ठावन्न दिवस, रोज तीन वेळा. एवढी कटकट सोसूनही माणूस सोडत नाही, म्हणजे अ‍ॅप चांगलं आहे. त्याला खरी गरज आहे ना यार! चालू ठेवू. आधी ह्या अकरा चुका काढ."

गार्गीला नाचावंसं वाटलं. ती उठून दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. रोज तीन गोळ्या? बाबांना? आपल्याला कुणी काही सांगितलं कसं नाही?

तिने जिन्यात जाऊन पुन्हा फोन लावला. "बाबा, खरं सांगा. बीपी आहे का? की शुगर? तीन-तीन गोळ्या कसल्या घेताय?"

जयवंतराव चोरी पकडली गेल्यासारखे हळूच म्हणाले, "अगं, मला कसल्या गोळ्या? घंटा वाजली की आवळासुपारी खातो मी. तू केलंयस म्हटल्यावर नीट तपासायला नको?"