दुबार नोंद

कर्करोग नोंदणी कार्यालयातला तो कारकून तीन जिल्ह्यांच्या दवाखान्यांतून आलेले फॉर्म संगणकात भरत असे. रुग्णाचं नाव दोन ठिकाणांहून आलं तरी मोजायचं एकदाच, हा नियम त्याला तोंडपाठ होता.

त्याची ताई जाऊन आठ महिने झाले होते. तिची नोंद त्यानेच बंद केली होती. आणि एका सोमवारी तिचा फॉर्म पुन्हा आला. नाव तेच, जन्मतारीख तीच, तपासणी मात्र गेल्या आठवड्यातली.

"दुबार नोंद आहे, काढून टाका," साहेब म्हणाले.

त्याचा हात धजेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो त्या दवाखान्यात धावला. "कालच घरी गेल्या," असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यातून फॉर्म आला, मग तिसऱ्यातून. दर वेळी तो जिवाच्या आकांताने पोहोचायचा आणि खाट रिकामी असायची. त्याचं अन्नपाणी तुटलं. बायको समजावून थकली.

चौथा फॉर्म त्याच दिवशीचा होता. भर दुपारी तो जिने चढून वॉर्डात शिरला, तेव्हा नर्स चादर बदलत होती.

"माझी ताई..." त्याला धाप लागली होती.

नर्स ओळखीचं हसली. "काही राहिलं का? आत्ताच तर तुम्ही त्यांना हाताला धरून घेऊन गेलात."

त्याने दाराकडे वळून पाहिलं.

"यायला तयारच नव्हत्या हो," उशी झटकत ती म्हणाली, "तुम्हाला बघून फार घाबरल्या होत्या."