डाव्या हाताचा विळा

वाशीमच्या कचेरीच्या आवारात, लिंबाच्या सावलीत, मोडायची हत्यारं मांडून ठेवली होती. चार कुऱ्हाडी, एक गंजलेली तलवार, दोन जंबिये आणि एक विळा. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. रहमतुल्ला लोहारानं ऐरण रोवली होती. कचेरीतल्या जप्त मालाचा हिशेब ठेवणारे नाझर यादी घेऊन खुर्चीवर बसले होते.

केनवडचा जगदेव पुढे आला आणि त्यानं डाव्या हातानं रामराम केला. नाझरांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की उजवा हात खांद्यातून वर येत नाही.

त्याला विळा हवा होता.

नाझरांनी चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. याच विळ्यानं त्याच्या बायकोनं त्याला कापलं होतं. गोजराबाईला दोन वर्षांची सजा झाली, ती त्याच्याच जबानीवर.

"सोमवारी सुटून येऊन राह्यली, सायेब," जगदेव म्हणाला.

नाझरांनी त्याला कायदा समजावून सांगितला. गुन्ह्यातलं हत्यार सजा झाली की सरकारजमा होतं. ते मोडायचं, आणि मोडल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. बाजारात विळे काय थोडे आहेत?

तसा मिळत नाही, असं जगदेवचं म्हणणं. गोजरा डावखुरी. तिच्या बापानं लग्नात मुद्दाम घडवून दिलेला. रहमतुल्लानं विळा उचलून पातं उन्हात धरलं. धार खरंच उलट्या बाजूनं काढलेली होती. असा नवा आपण एका दिवसात करून देऊ, तो म्हणाला.

"नवा नाही पाह्यजे, चाचा. घरात नवा दिसला तर तिले वाटंन, जुनं सारं म्या फेकून देल्लं."

नाझरांनी विचारलं, "पण जबानी तूच दिली होतीस ना?"

"मीच देल्ली. पण पैला हात माहा उठला होता. थे तेवढं नाही सांगतलं."

नाझरांनी यादीकडे पाहिलं. हे लिहायला तिच्यात रकाना नव्हता. त्यांनी लोहाराला मान हलवून खूण केली.

रहमतुल्लानं पात्यावर छिन्नी ठेवली. दोन घाव घातले. नाझरांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन तपासले, यादीवर सही केली आणि बाकीची हत्यारंही मोडून झाल्यावर ते आत गेले. मोडलेलं लोखंड लोहाराचं, हीच त्याची मजुरी.

जगदेव तिथेच उकिडवा बसून राहिला. रहमतुल्ला एकेक तुकडा पोत्यात टाकत होता. विळ्याचे दोन्ही त्यानं बाजूला ठेवले.

"आता हे माहे," तो म्हणाला. "शनिवारी दुकानावर ये. सांधून देतो. पण बोटभर आखूड होईन."

"होऊ द्या."

जगदेवनं मुठीचा तुकडा उचलून डाव्या हातात धरला. गोजराच्या अंगठ्यानं लाकडाला खळगा पडला होता. त्याचा अंगठा त्यात मावत नव्हता. तरी अंगठा तिथेच ठेवून तो बसला.

रहमतुल्लानं ते पाहिलं. मग सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा, खांद्यावरून छातीकडे उतरलेला वण पाहिला.

"धार काढू, का राहू देऊ तसाच?"

जगदेवनं मूठ त्याच्या हातात दिली.

"काढा चांगली," तो म्हणाला. "बोथट इळ्यानं तिचं मनगट दुखते."