सातविणीचा चीक

देवराईतल्या जुन्या सातविणीच्या सालीवर पोरं कोयती चालवताना दिसली आणि येसूआजीचं टाळकं सरकलं.

“पुस्तकातच लिहिलंय, आजी,” त्या पोरांतली तिची नात म्हणाली. “रानातल्या म्हाताऱ्या झाडाचा चीक प्यायला की माणूस मरत नाही.”

इथली काडी मोडणाऱ्याला देवी रक्त ओकायला लावते, एवढ्या धाकावर आजीने देवराई राखली होती. आता पोरं छापलेल्या अक्षराला भुलली होती, आणि अशी साल सोलत राहिली तर झाड वाळणार होतं.

आजी दगडावर ऐसपैस टेकली. “प्या की, मी कुठं नको म्हणते? पण चीक प्यायला की वयही तिथंच थांबतं. तू कायमची चौथीत. तेच गुरुजी, तेच पाढे. पुस्तकवाल्याला हे लिहायचं सुचलं नाही वाटतं.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोयती मुकाट्याने खाली आली आणि देवराई रिकामी झाली.

आजीने झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली, तेव्हा बोटाला चीक लागला. पुस्तकं लिहिणारे थापाडे असतात, याबद्दल तिला शंका नव्हती. तरी आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिने बोट चाटलं.

चीक औषधासारखा कडूजहर लागला, आणि तिला थोडं थोडं खरं वाटू लागलं.