आनंदाबाईंचा रोल

घनश्यामांनी साकोलीत जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला, पण बायकोचा धड एक फोटो काढला नाही. जग सोडून जाताना ती, आनंदाबाई, म्हणाली, "जुन्या कॅमेऱ्यात माझा रोल हाये, धुऊन घेजा."

घनश्यामांनी फिल्म धुण्याचे दोन डेव्हलपर मागवले. एक पायरो, दुसरा कॅटेकॉल; पायरोने निगेटिव्हवर हिरवट झाक चढायची, कॅटेकॉलने तपकिरी. आधी एका वेगळ्याच रोलवर ते दोन्ही पुन्हा पुन्हा पारखत बसले.

"बाबा, कोणतंबी वापरा ना! एवढं काहून पाहून राहिले?" मुलगी रीना म्हणाली.

"तुझ्या आईचा चेहरा कोवळा उमटला पाहिजे, बाई."

शेवटी त्यांनी पायरोत रोल धुतला आणि ओली फिल्म उजेडात धरली.

 

प्रत्येक फोटोत घनश्यामच होते, दुसऱ्यांचे फोटो काढण्यात गढलेले.